दुपारची फेरी

अफझलगंज ते अंबरपेठ ही दुपारची बस तोट्यात चालली होती. ती बंद करण्याआधी लोकांचं म्हणणं ऐकायला सभा बोलावली होती. त्या बसची कंडक्टर रेणू मागच्या रांगेत गप्प बसली होती. नोकरीतल्या माणसांना बोलायची परवानगी नव्हती.

"या फेरीला रोजचे प्रवासी फक्त नऊ," सभा घेणाऱ्या डेपोच्या साहेबांनी वाचून दाखवलं.

ते नऊच्या नऊ सभेला आले होते. त्यांतल्या सत्यवतीबाई उठल्या.

"बस बंद झाली तर तुम्हाला काय परेशानी, अम्मा?"

"आम्हाला काही नाही, साहेब. आम्ही ऑटोनं जाऊ."

"मग विरोध कशाला?"

"ही फेरी संपवून आमची कंडक्टर तीनला घरी पोचते. तिची लेक अजून अंगावर पिते."

रेणू चमकली. लेकीबद्दल ती बसमध्ये कोणाशी अक्षरही बोलली नव्हती.

"तिनं सांगितलं तुम्हाला?" साहेबांनी विचारलं.

"सांगायला कशाला पाहिजे? अंबरपेठच्या स्टॉपवर तिची सासू रडणारी पोर घेऊन उभी असते. रोज खिडकीतून बघतो आम्ही."

साहेबांनी बाकीच्यांकडे पाहिलं. आठही जण उठून उभे राहिले होते.

साहेबांनी कागदावरचा 'बंद' हा शब्द खोडला, पण रेणूला ते दिसलं नाही. तिचे डोळे भरून आले होते.