लिफ्ट धरत नाही

"इंजन बंद कर," देवसिंग मिस्त्री म्हणे, अन् मनगटावरच्या घड्याळाकडं पाहत बसला.

अश्वजितनं चावी फिरवली. मागं लिफ्टनं नांगर उचललेला होता. धड असलेल्या ट्रॅक्टरचा नांगर असा दहा मिनिटं तरी लटकून राहते. हा अर्ध्या मिनिटात मातीले टेकला.

"सकाळी थंडा असला का उचलते," ड्रायवर राजकुमार म्हणे. "दोन तास चालला का मंग धरतच नाही. तिसरा गिअरबी आपोआप निसटून राह्यला."

ट्रॅक्टर पंजाबरावायचा. अश्वजित त्यायचा एकुलता एक पोरगा, अन् बापलेकाचं ठरलं होतं का हा हंगाम ट्रॅक्टर नीट चालला तं पोरगा गावातच राहीन, लोकायची वाही-पेरणी करीन. नाही चालला तं पुण्याच्या कंपनीत. ट्रॅक्टर अठरा वर्षं जुना, पण बापानं लेकासाठीच घेतलता. अन् लेकबी असा लागला होता ना त्याच्यामागं, पाना पकड, फिल्टर धू, मिस्त्रीच्या आधी ट्रॅक्टरखाली हाच.

"तेल कमी असन," पंजाबराव म्हणे.

देवसिंगनं तेल मोजाची पट्टी बाहेर काढली. "कमी कायचं काका, खुणेच्या वर आहे." मंग त्यानं ते बोटावर चोळलं, नाकाले लावलं. "ह्यात डिझेल आहे. गिअरचं अन् लिफ्टचं तेल ह्या गाडीत एकच असते. ते पातळ झालं, वरून तापलं, का पंप दाबच नाही बनवत."

"डिझेल आपोआप गेलं?"

"आपोआप कसं जाईन. वरून टाकलं कोणंतरी."

"असं कोण करन मिस्त्री?" अश्वजितनं विचारलं.

तेल बदललं. दोन दिवस ट्रॅक्टर असा चालला का बस. पंजाबराव बांधावर बसून लेकाची वाही पाहत, डबाबी तिथंच खात. तिसऱ्या दिवशी नांगर पुन्हा खाली.

ह्या खेपी देवसिंगनं गिअरची पेटीच उघडली. तळाले लोखंडाचा चुरा चमकत होता. "पंप गेला. गिअरचे दातबी खाल्ले. पार्ट नागपूरहून येईन, महिनाभर धरा."

पेरणी पंधरा दिवसांवर होती.

पंजाबराव उठले, राजकुमारचा हात धरला अन् वास घेतला.

"डिझेल," ते म्हणे.

"ड्रायवरच्या हाताले अत्तराचा वास येईन काय, काका?"

"महागावचा नवा ट्रॅक्टरवाला तुले बोलवून राह्यला, मले माहीत आहे. त्याच्यासाठी माह्या पोराचं असं केलं? सहा वर्षं माह्या घरी जेवला ना बे तू."

राजकुमारनं अश्वजितकडं पाह्यलं. त्याले ट्रॅक्टर चालवाले राजकुमारनंच शिकवलं होतं. अश्वजित पेटीतल्या चुऱ्याकडं पाहत होता.

"तू तरी सांग ना गा," राजकुमार म्हणे.

"मी काय सांगू? शेडची चावी तुह्यापाशीच राहते."

राजकुमारनं चावी बोनेटवर ठेवली, दुपट्टा खांद्यावर टाकला अन् निंघून गेला. मागं वळून नाही पाह्यलं.

चौथ्या दिवशी पंजाबराव पोराले पांढरकवड्याच्या स्टँडवर सोडाले आले. बॅग पोराले उचलू नाही देल्ली.

"दुसरा पोरगाच समजत होतो मी त्याले," ते म्हणे. "माणूस नाही ओळखता आला मले."

"जाऊ द्या बाबा. मनाले लावून नका घेऊ."

"पार्ट आला का फोन करतो. लगेच ये."

"येतो ना. जय भीम, बाबा."

बस निंघाली. पंजाबराव दिसेनासे होईपर्यंत अश्वजित खिडकीतून हात हालवत राह्यला. मंग त्यानं खिडकी लावली अन् पुण्याच्या दोस्ताले फोन लावला.

"निंघालो बे. रूम पक्की ठेव. नाही रे, बाबाले कायचा डाऊट येते. पहिल्या खेपी पाच लिटर डिझेल टाकलं तं मिस्त्रीनं तेलच बदलून देल्लं, म्हणून दुसऱ्या खेपी डबल टाकलं."