बाटलीतले सात खडे

तळेगावला दुर्बिणीनं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टरांनी मुक्ताबाईच्या पित्ताशयातले सात खडे काचेच्या बाटलीत घालून दिले. भेटायला येईल त्याला ती ते हौसेनं दाखवायची.

पुढं भातलावणीत ती चिखलात कोसळली ती उठलीच नाही. राख इंद्रायणीत सोडली. बाटली मात्र टाकव्याच्या घरात फळीवर राहिली.

तेराव्याला पाहुण्यांना बाटली दाखवताना मुलगा आदिनाथ थबकला.

"आबा, सातच व्हते न्हवं? हितं तर नऊ हायेत."

झाकणावरची चिकटपट्टी जशीच्या तशी होती.

पाहुणे गेल्यावर महिपतीनं बायकोची बाटली हातात घेतली. काच कोमट लागली. त्यानं ती तोंडाजवळ नेली.

"अजून दुखतंय व्हय गं?"

आत टक्कन दहावा खडा पडला.