शरीराची पालकसभा

व्यायामाच्या स्टुडिओत पालकसभा होती, म्हणून मनोहर खानोलकर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. निकाल त्यांच्याच शरीराचा होता, त्यामुळे त्यालाही सोबत आणणं भाग पडलं. कपाळावर पट्टी लावली की माणूस झोपायचा आणि शरीर बॅचमध्ये एकटंच व्यायाम करायचं. ते नापास झालं तर शेजारी बसलेल्या बायकोसमोर, सुमित्राबाईंसमोर, नाक कापलं जाणार, एवढीच खानोलकरांना धास्ती होती.

"गुणी आहे हो," व्यायाम घेणाऱ्या रेवती मॅडम म्हणाल्या. "सांगितलं की करतं, उलट बोलत नाही."

"माझ्यावर गेलंय," खानोलकर म्हणाले.

"तुमच्यावर?" सुमित्राबाई फिस्सकन हसल्या. "अहो, तुम्ही पाण्याचा तांब्यासुद्धा जागचा हलवत नाही!"

"फक्त गेल्या गुरुवारी बिघडलं होतं," मॅडम म्हणाल्या. " बैठका सगळ्या मारल्या, पण प्रत्येक बैठकीला मला शिव्या घातल्या."

खानोलकर चपापले. त्या दिवशी वर्गात त्यांना अगदी असंच भयंकर स्वप्न पडलं होतं.

मॅडमनी त्यांची पट्टी तपासली. आतला सेल केव्हाच संपला होता. गुरुवारी खानोलकरांनी सवयीने डोळे तेवढे मिटले होते.

"म्हणजे गुरुवारी आत तुम्हीच होतात!"

खानोलकरांनी खाली वाकून आपल्या मांड्यांकडे पाहिलं आणि त्यांना हळूच थोपटलं.

बाहेर बाकावर इतर पालक ताटकळत बसले होते. त्यांनी काही विचारायच्या आतच सुमित्राबाईंनी नवऱ्याला पुढे केलं.

"हे आमचे. सगळ्या बैठका जागेपणी मारल्यात!"