मोठा कार्बोरेटर

"मोठा कार्बोरेटर टाकला का जीप हरणावानी पयते," मदनसिंग बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणाला. "पेट्रोल मातर लय पेईन, भाऊ. तसंही महागलंच हाय."

"किती मिनिटं वाचते?" उकंडरावांनी विचारलं.

मदनसिंगनं डोकं बाहेर काढलं. या गॅरेजात गिऱ्हाइकं मैल विचारत, गॅलन विचारत, भाव तर सगळेच विचारत. मिनिटं कुणी विचारली नव्हती.

"कुठून कुठं जायाची?"

"कामरगावच्या स्टँडपासून अमरावती. दवाखान्याच्या दारापर्यंत."

मदनसिंगच्या हातातला पाना थांबला. आसेगावला उकंडरावांच्या लेकीची, विजयमालाची तेरवी होऊन चारच दिवस झाले होते. पहिल्या बाळंतपणाला त्यांनी तिला माहेरी आणलं होतं. अडली तेव्हा रोज सवाऱ्या नेतात त्याच या जीपमध्ये घालून निघाले, आणि ती वाटेत गेली. पोटातल्या जिवासकट गेली. डॉक्टर म्हणाला, अर्धा तास आधी आणायला पाहिजे होतं. एवढं साऱ्या गावाला ठाऊक होतं. पण दसऱ्याला मदनसिंगनं हाच कार्बोरेटर दाखवला, तेव्हा "मले का जीप बैलांवानी शंकरपटात पयवाची हाय?" म्हणून उकंडराव हसत निघून गेले होते, हे त्या दोघांनाच ठाऊक होतं.

मदनसिंगच्या जिभेला जे रोजचं होतं तेच ती बोलली.

"आठ मिनिटं त कुठंच नाही गेले."

उकंडरावांनी डब्यातून आठ नट घेतले आणि मडगार्डवर ओळीनं मांडले. एकाशेजारी एक, मधलं अंतर सारखं ठेवून.

"अजून काय करता येते?"

"हेड घासून कॉम्प्रेशन वाढवतो. खेच येते गाडीले."

"किती?"

"सहा धरा."

सहा नट. उकंडराव बोटांनी ते सरळ करत राहिले. हाताच्या पाठीवर माशी बसली होती. ती चालत मनगटापर्यंत गेली, परत आली. त्यांनी हाकलली नाही.

"मागचे गिअर बदलले त सपाटीवर चांगली धावन," मदनसिंग म्हणाला. "नऊ मिनिटं. सायलेन्सर मोकळा केला त अजून तीन. गावची कुत्री मांगं लागतीन, पण तीन मिनिटं पक्के."

तो आपलाच हसला. हसणं गॅरेजच्या पत्र्याखाली तसंच राहिलं.

बारा नट. ओळ मडगार्डच्या वळणावरून खाली उतरू लागली तशी उकंडरावांनी दुसरी ओळ धरली. चहा आणून ठेवलेला होता. त्यावर साय धरली.

"सव्वीस झाले," ते म्हणाले. "अजून चार कशात निंगतीन?"

तेव्हा मदनसिंगला कळलं, हे कशाचं माप चाललं आहे. त्यानं चिंधीनं हात पुसले. एकेक बोट पुसलं. जीपच्या मागच्या सीटवर एक गोधडी होती, तशीच, चुरगळलेली. सकाळपासून त्यानं तिकडं पाहणं टाळलं होतं.

"भाऊ, मी खोटं बोललो."

उकंडराव डब्यात चार नट शोधत होते.

"आयका ना. आमचा धंदाच हा. आठ म्हणाचे, निंगते तीन. अन् रस्ता पाह्यला का आपला? खड्डे, बैलगाड्या, मेंढरांचे कळप. जीप पयन, पण पयवाची कुठं?" त्यानं पुढं होऊन मडगार्डवरचे नट मुठीनं उचलले आणि डब्यात टाकले. एक मूठ. दुसरी मूठ. "सगळं सगळं बसवलं असतं ना, मोठा कार्बोरेटर, हेड, गिअर, तरी पुरे दहा मिनिटं. याच्यावर एक नाही. माह्या पोरांची शप्पथ."

मडगार्डवर त्यानं मोजून दहा नट ठेवले.

"डॉक्टरनं त अर्धा घंटा सांगतला होता. कुठं दहा, कुठं अर्धा घंटा! तुमच्या हातात काहीच नव्हतं, भाऊ."

बोलून झाल्यावर त्याला जरा हलकं वाटलं. बाहेर रस्त्यावरून एक एसटी धूळ उडवत गेली. धूळ आत आली, चहावर बसली, दोघांच्या अंगावर बसली.

उकंडराव त्या दहांकडे पाहत होते. चेहऱ्यावर काही हललं नाही. पाणी नाही, राग नाही, काहीच नाही.

"बडनेऱ्यापर्यंत बोलत होती पोरगी," ते म्हणाले.

मदनसिंगनं वर पाहिलं.

"किती राह्यलं बाबा, म्हने. मी म्हनलं, आलंच. मांगं पाह्यलं नाही. मांगं पाह्यलं का वेळ जाते." त्यांनी शेवटचा नट बोटानं सरळ केला. "मंग नाही इचारलं तिनं."

"भाऊ..."

स्टँडवर एखाद्या सवारीला सांगावं, त्याच आवाजात उकंडरावांनी सांगितलं,

"बडनेऱ्याहून दवाखाना दहा मिनिटं हाय."