अनम्यूट

लेकीचा दाखला काढायला आलेली ज्योत्स्ना जिल्हा परिषद शाळेच्या खिडकीशी थबकली. लॉकडाऊनमध्ये नवऱ्याची नोकरी गेली म्हणून ईश्वरीला तात्पुरतं इथे घातलं होतं. आता पुन्हा इंग्लिश मीडियम.

पहिल्या दिवशी बाईंनी नाव विचारलं, तेव्हा ईश्वरी पुटपुटली होती, "मॅम, अनम्यूट करू?" मोबाइलवर शिकलेल्या पोरीला वाटायचं, परवानगीशिवाय आवाज बाहेर पडतच नाही.

आत बाईंनी पोषण आहारातलं उकडलेलं अंडं पाण्यात सोडलं. ते बुडालं. मग त्या पाण्यात मीठ ढवळू लागल्या.

"आता काय होईल?"

"बुडलेलंच राहणार!" मोहसीन म्हणाला. "पैज! हरलो तर माझं अंडं तुला."

"ए, गप रे! वर येणार! बाई, अजून मीठ टाका!"

बाकावर चढून ओरडणारी ही आपलीच ईश्वरी, हे ज्योत्स्नाला क्षणभर कळलंच नाही.

अंडं डुलत वर आलं. वर्ग दणाणला.

बाई दाराशी आल्या. "बोला ताई, काय काम काढलंत?"

ज्योत्स्ना दाखल्याचंच बोलणार होती.

"काही नाही बाई," ती हसली, "मीठ पुरतंय ना, विचारायला आले."