कढईसमोरचा कॅमेरा

"ओढत आणताना दाखवायचं नाही म्हणजे नाही!" तोक्तोसुनमामानं चहाचा वाडगा आपटला. "माझ्या घरात सिनेमा काढ, हवी तर मेंढी कापतो. पण पोरगी पळवून आणलेली दिसली, तर गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही मला."

"आणि पळवून आणल्यावर उरते वाटतं जागा?"

बेगायिमचं डोकं नुसतं तडकलं होतं. तिचा पहिला सिनेमा, त्यातला हा एकच प्रसंग महत्त्वाचा, आणि गावातल्या बाकी सगळ्या घरांनी आधीच नाही म्हटलेलं. मागून आणलेला कॅमेरा संध्याकाळी परत द्यायचा होता. आज हे झालं नाही, तर सिनेमाच नाही!

तिनं दात-ओठ खाल्ले. मग तरातरा कॅमेरा उचलला आणि स्वयंपाकघरात नेऊन थेट कढईसमोर ठेवला. कढईमागे खोलीचं बंद दार.

"नाही दाखवत, मामा. फक्त लग्नाचे बोरसोक, पिठाचे तुकडे तळणाऱ्या बायका दिसतील. बाकीचं दाराआडून ऐकू येईल."

"आणि कट कुठे?" आवाज टिपणाऱ्या एरमेकनं विचारलं.

"कुठेच नाही. बघणाऱ्याला मान वळवायला जागाच द्यायची नाही."

"बोरसोक तळण्याचा सिनेमा!" मामा खो खो हसला आणि वाडगा घेऊन कॅमेऱ्यामागे टेकला.

मामी आणि शेजारची बुरुल कढईशी बसल्या. काहीही झालं तरी तळत राहायचं, वळून बघायचं नाही, एवढंच त्यांना सांगितलं होतं.

"पलीकडच्या घरचा नवा जावई टकला आहे म्हणे," बुरुल म्हणाली.

"असू दे. उवा तरी व्हायच्या नाहीत."

तेवढ्यात दाराआड पळवलेल्या मुलीचं काम करणारी चोल्पोन किंचाळली. नाटकवाली पोरगी ती, सगळा जीव घशात आणला तिनं. "सोडा मला! आईऽऽ! घरी जाऊ द्या!" काहीतरी धाडकन पडलं. बुटांचे आवाज आले. मामीनं झाऱ्यानं बोरसोक उलटे केले. बुरुलनं पिठाचे आणखी तुकडे सोडले. ठरल्याप्रमाणेच सगळं, तरी बेगायिमला त्या दोघींचा इतका संताप आला की तिच्या मुठी वळल्या. वळून तरी बघा गं एकदा!

किंकाळ्या थांबेनात. मामाची चुळबुळ सुरू झाली. त्यानं खिडकीकडे पाहिलं, कुंपणापलीकडे पाहिलं. मग उठला, कॅमेऱ्यासमोरून तसाच पुढे गेला आणि दारावर थाडकन हात मारला.

"ए पोरी, गप बस! सगळ्याच रडतात पहिल्या दिवशी! शेजारी ऐकतायत!"

दाराआड एकदम शांत झालं. चोल्पोन खरंच घाबरली होती. आता फक्त तेलाचा आवाज.

बंद करू का, असं एरमेकनं खुणेनं विचारलं. बेगायिमनं मान हलवली. नाही.

"मला आणलंत तेव्हाही हेच म्हणाला होतात," मामी कढईकडे बघतच म्हणाली. "शब्द न् शब्द हाच. दारही हेच."

"काय बरळतेस!" मामा गर्रकन वळला. कॅमेऱ्याचा लाल दिवा दिसला तसा त्याचा चेहराही लाल झाला. "बेगायिम! पुसून टाक ते! आत्ताच्या आत्ता!" त्यानं कॅमेऱ्याकडे झेप घेतली.

मामी उठली. हातातल्या झाऱ्यातून तेल ठिबकत होतं. ती त्याच्या आणि कॅमेऱ्याच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"तोक्तोसुन."

बुरुलच्या हातातलं पीठ गळून पडलं. नवऱ्याचं नाव! इतक्या वर्षांच्या संसारात मामीच्या तोंडून ते कुणीही ऐकलं नव्हतं. मामाचा पुढे आलेला हात तसाच हवेत राहिला.

"ते दार उघड," मामी म्हणाली. "पोरीला घरी जायचंय."