तीन आठवड्यांचा नान

फाटकाबाहेर टॅक्सीवाल्याने दुसऱ्यांदा हॉर्न वाजवला, तरी हुलकर नान घेऊन पुढे झाली नाही. गरम नान फडक्यात धरून ती तंदूरपाशीच उभी राहिली. तिचा नवरा बोतिर पायात बूट चढवून, पानावर बोलावलेल्या पाहुण्यासारखा समोर ताटकळत होता.

"धर गं त्याच्यापुढे," सासू मस्तुरा म्हणाली. "माणूस वाटेला लागताना असा खोळंबा करू नये."

काम एवढंसं होतं. जाणाऱ्याने नानचा एक घास तोडायचा, उरलेला नान घरात खिळ्याला टांगायचा. तो माणूस परत येऊन स्वतः संपवेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. घरी राहिलेला नान माणसाला ओढून आणतो, असं त्यांच्या रिश्तान गावात सगळेच मानतात. हुलकरही मानायची.

मागे बोतिर रशियात फरशा बसवायला गेला, तेव्हा तिने असाच नान त्याच्यापुढे धरला होता. चार वर्षं तो खिळ्यावर होता. दुसऱ्या वर्षी कळलं, की तिकडे त्याने एका बाईबरोबर संसार मांडलाय. हुलकर नान उतरवून कोंबड्यांना घालायला निघाली, तर सासू खिळ्याखाली ठाण मांडून बसली. शेवटी तो आला. दगड झालेला नान त्याने चहात बुडवून, रडत रडत खाल्ला, आणि गल्लीभर एकच बोलणं झालं, बघा, नानने आणला की नाही! त्या चार वर्षांत हुलकरने काय काय गिळलं, ते मात्र कुणी विचारलं नाही.

त्याला दीड वर्ष झालं. बोतिर सुधारला होता, अगदी वीट येईल इतका सुधारला होता. जेवताना फोन दस्तरखानवर, जेवणासाठी अंथरलेल्या कापडावर, उताणा ठेवायचा. बाजारात गेला की व्हिडिओ लावून टोमॅटो दाखवायचा, टोमॅटोवाला दाखवायचा. त्याचे टोमॅटो बघून बघून हुलकरचं डोकं उठायचं, आणि एखाद्या दिवशी त्याने दाखवले नाहीत तर तिचं हातातल्या कामात लक्ष लागायचं नाही. त्याच्याहून जास्त संताप तिला स्वतःचा यायचा. घरात बायको म्हणून राहायचं, तर तिची पोलीस चौकी होऊन बसली होती.

आता ताश्कंदला तीन आठवड्यांचं काम आलं होतं. रशियाहून आल्यापासून तो पहिल्यांदाच घराबाहेर राहणार होता. तू नको म्हणालीस तर नाही जाणार, असं तो आठवडाभर तिला ऐकवत होता आणि तेही तिला झोंबत होतं. म्हणजे राखण पुन्हा तिनेच करायची.

"रोज तीनदा फोन करीन," बोतिर म्हणाला. "खोली दाखवीन, बरोबरचे कारागीर दाखवीन. तू म्हणशील ते दाखवीन."

"मला काही बघायचं नाही."

"मग काय करू, हुलकर? दीड वर्ष झालं. अजून काय करू, तूच सांग."

त्याचा आवाज चिरकला. खरंच दमला होता बिचारा. पण हुलकरला कीव येण्याआधी रागच आला. दमायचा मानसुद्धा यानेच आधी घ्यावा?

तिने नान पुढे केला. बोतिरने सुटकेचा निःश्वास टाकून तोंड पुढे नेलं. तेवढ्यात तिने हात मागे घेतला, नान स्वतःच्या तोंडाला लावला आणि कडेचा चांगला मोठा घास तोडला. सासूचा हात तोंडावर गेला. घास पोळत होता, तरी हुलकरने तो सावकाश चावून गिळला. मग उरलेला नान फडक्यात गुंडाळून नवऱ्याच्या हातात दिला.

"चार वर्षं मी सांभाळला," ती म्हणाली. "आता तीन आठवडे तुम्ही सांभाळा. तिथे खोलीत खिळा ठोका. उंदीर लागू देऊ नका, कुणाला तोडू देऊ नका. आणि येताना माझा मला परत आणून द्या."

"पण जाणार तर मी आहे," बोतिर म्हणाला.

"टॅक्सी थांबलीय."

फाटकाबाहेर जाऊन बोतिरने पिशवी डिकीत टाकली. नान टाकायचं धाडस त्याला झालं नाही. तो पुढच्या सीटवर फडकं दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसला. टॅक्सीवाल्याने पट्टा लावायला सांगितलं, तरी त्याचे हात सुटेनात. शेवटी टॅक्सीवाल्यानेच वाकून त्याचा पट्टा लावला.

गाडी वळणाआड गेली, तशी सासू जवळ आली. ती चिडली नव्हती, घाबरली होती.

"घास जाणाऱ्याने घ्यायचा असतो," ती म्हणाली. "तू कुठे निघालीस?"

"कुठेच नाही, आई," हुलकर तंदूरवर झाकण सरकवत म्हणाली. "पण ते त्यांना कुठे ठाऊक आहे?"